साथ संपेपर्यंत

चूक माझी होती, हे आधी कबूल करून टाकते. म्हणजे पुढं बाकीच्यांना नावं ठेवायला मी मोकळी.

मी सुवर्णा. २०१७ च्या डिसेंबरात आमच्या गावची सरपंच झाले. जागा बाईसाठी राखीव होती, त्यामुळं सही मी करायची आणि कारभार नवऱ्यानं बघायचा, असा गावाचा अंदाज होता. गोरक्षला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, झेंडूपुढं जगात दुसरं काही दिसत नाही. तेव्हा तो अंदाज फसला.

आमचं गाव पेठ रस्त्याला, नाशिकपासून चौदा किलोमीटरवर. सहाशे घरं. निम्मी घरं फुलं लावतात आणि निम्मी ती तोडायला जातात. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे तोडणी, सातला नाशिकच्या फुलबाजारात गाडी, दहाला पैसे हातात. २०२० च्या मार्चमध्ये देवळं बंद झाली, लग्नं बंद झाली आणि आमचा सगळा धंदा एका दिवसात बसला. माझं माहेर लासलगावकडं. तिकडं कांदा साठवणीच्या चाळीत पडून होता, पण कांदा चार महिने थांबतो. फूल थांबत नाही. गोरक्षनं फुललेल्या शेतात रोटाव्हेटर घातला आणि उभं पीक मातीत गाडलं.

आमचं निदान शेत तरी होतं. तोडणीच्या बायकांकडं रोजगाराशिवाय काहीच नव्हतं. एप्रिलमध्ये त्यांच्या गल्लीतून चालत गेले, तर भर दुपारी चुली थंड होत्या. त्या रात्री मला झोप आली नाही.

त्याच आठवड्यात शाळेच्या पटांगणात, लांब लांब खुर्च्या टाकून, पंचायतीची मासिक सभा घेतली. मी तीन गोष्टी मांडल्या. पंचायतीची बँकेतली ठेव मोडून घरोघरी किराणा द्यायचा. जिल्हा परिषदेकडून कर्ज काढून गावच्या विहिरीचा गाळ आणि जुनी पाइपलाइन, दोन्ही कामं काढायची आणि ती गावातल्याच माणसांकडून करून घ्यायची. आणि पाणीपट्टी माफ.

पुंजाराम अण्णा उठून उभे राहिले. अण्णा आधी दहा वर्षं सरपंच होते. माझ्या वेळी जागा राखीव झाली म्हणून सदस्य झाले, आणि ते दुःख त्यांनी कधी लपवलं नाही.

"अंथरूण पाहून पाय पसरावे, ताई," ते म्हणाले. "ठेव मोडायची, वर कर्ज काढायचं, आणि वसुलीबी बंद? पंचायत हाय का धर्मशाळा?"

"अण्णा, कुडकुडणाऱ्याला अंथरूण मोजायला लावू नका. अशा वेळी वापरायची नाही तर ठेव ठेवायची कशाला?"

ठराव मंजूर झाला. आता चूक सांगते. आमचे ग्रामसेवक महेश भाऊसाहेब, ग्रामसेवकाला आमच्याकडं भाऊसाहेबच म्हणतात, ठराव लिहिता लिहिता थांबले. "ताई, माफी किती तारखेपर्यंत लिहू?"

मी त्यांच्यावर खेकसले. "लोक मरणाच्या भीतीत आहेत आणि तुम्हाला तारीख सुचते? लिहा, साथ संपेपर्यंत."

त्यांनी लिहिलं. सज्जन माणूस. त्यांनी तेव्हा माझ्याशी भांडायला हवं होतं.

कामं चांगली झाली. तोडणीच्या बायकांची म्होरकी असलेल्या साठीच्या चतुराबाईनं अठरा बायका घेऊन विहिरीतला गाळ उपसला. मुखपट्टी बांधून, दोनशे रुपये रोजावर. पाइपलाइन बदलली. गावात एक घर उपाशी राहिलं नाही. त्या खर्चाबद्दल मला कधीही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

अडचण नंतर आली. २०२१ च्या दसऱ्याला झेंडूनं असा भाव घेतला की गावात नवे ट्रॅक्टर आले. अडकलेली लग्नं लागली, तीही डीजे लावून. फक्त पाणीपट्टी तेवढी माफच राहिली. मी दोनदा विषय काढला. सदस्य म्हणाले, लोकांना जरा श्वास घेऊ द्या. खरं सांगायचं तर मलाही ते बरं वाटत होतं. रस्त्यानं जाताना लोक हसून रामराम करत होते. पट्टी मागणाऱ्या सरपंचाला असा रामराम कोण करतं?

२०२२ च्या एप्रिलमध्ये वायरमन नोटीस घेऊन आला. विहिरीवरच्या मोटारीचं बिल थकलं होतं. एकतीस मेपर्यंत भरा, नाहीतर जोडणी तोडणार. जिल्हा परिषदेच्या कर्जाचे तीन हप्तेही चुकले होते. मी भाऊसाहेबांना सांगितलं, पुढच्या महिन्यापासून पाणीपट्टीची बिलं काढा.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम अण्णा ठरावाची नक्कल घेऊन कार्यालयात हजर.

"भाऊसाहेब, वाचा जरा. साथ संपेपर्यंत. संपल्याचं पत्र हाय का तुमच्याकडं?"

"अण्णा, पाडव्याला सरकारनं सगळे निर्बंध उठवले की."

"निर्बंध उठवले. साथ संपली असं कुठं म्हनलंय? पेपरात रोज आकडा येतोय."

मला हसू आलं आणि संतापही. कर्ज काढू नका म्हणणारा माणूस आता कर्ज फेडायच्याही आड येत होता. पण कागद त्यांच्या बाजूनं होता. भाऊसाहेबांनी आरोग्य केंद्राला पत्र लिहिलं, की आमच्या गावापुरती साथ संपल्याचा दाखला मिळावा. केंद्रातल्या बाईंचा फोन आला. "साथ सुरू झाल्यावर सूचना आल्या होत्या. संपल्याचा दाखला कुणी द्यायचा, ते मलाही ठाऊक नाही हो." त्यांचा तरी काय दोष? असला दाखला मागणारं आमचंच गाव पहिलं असावं.

आता एकच वाट उरली होती. एक मेच्या ग्रामसभेत गावासमोर जायचं आणि जुना ठराव रद्द करून घ्यायचा.

घरी गोरक्षनं ताटावर बसल्या बसल्या सांगितलं, "डिसेंबरपर्यंत गप बस. निवडणूक होऊ दे, मग काय पट्टी लावायची ती लाव."

"आणि मोटारीची जोडणी तुटली तर?"

"टँकर लावू दोन-चार महिने. लोक टँकर विसरतात. पट्टी नाय विसरत."

त्याचं खोटं नव्हतं. मला पुन्हा उभं राहायचं होतं आणि निवडूनही यायचं होतं. हे मी कुणाला बोलले नव्हते, पण गोरक्षला कळायचं ते कळलं होतं. या वेळी जागा सर्वांसाठी खुली होती. राखीव नसताना निवडून आले असते, तर 'बाईची जागा होती म्हणून झाली' हे बोलणं कायमचं मिटलं असतं. दुसरीकडं, ज्या विहिरीतला गाळ बायकांनी डोक्यावरून वाहिला, तिच्यावरची मोटार माझ्या कारकिर्दीत बंद पडायची होती. चार दिवस मी दोन्हीकडं झुलले. शेवटी ठरवलं, की कर्ज मी काढलं, आता मीच गप्प बसले तर अण्णांचं तेव्हाचं बोलणं खरं ठरेल. हे कारण फार थोर नाही, पण होतं ते हेच.

ग्रामसभेला सव्वाशे माणूस जमलं. एरवी कोरम भरायला स्पीकरवरून हाका माराव्या लागतात. मी बिल वाचून दाखवलं, हप्ते वाचून दाखवले. मग म्हटलं, "एक जूनपासून पाणीपट्टी सुरू. पूर्वी महिना शंभर होती, आता सव्वाशे. वरचे पंचवीस कर्जासाठी."

गलका झाला. अण्णा उठले. "गाव अजून सावरलेलं नाय. ताईंनीच लिहून दिलंय, साथ संपेपर्यंत. कधी संपली, कुनी सांगावं."

"मी सांगते," मागून आवाज आला. चतुराबाई उभी होती. सभेत ती कधी बोलत नसे, त्यामुळं लोक वळून बघायला लागले.

"अण्णा, गेल्या दसऱ्याला मला किती रोज दिला?"

अण्णा टोपी सारखी करायला लागले.

"साडेतीनशे दिला. आनि दुसऱ्याच्या मळ्यात जाऊ नको म्हनून पहाटे चारला दारात रिक्षा पाठवली. खरं हाय का नाय?"

लोक हसायला लागले. अण्णांची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर मजुरी बुडवल्यासारखं, आणि हो म्हणावं तर धंदा सावरल्याची कबुली.

"दिला असंल," ते म्हणाले.

"मग झालं. मजुराला न्यायला ज्या दिवशी रिक्षा येती, त्या दिवशी साथ संपली. गाळ काढताना पंचायतीनं आमाला दोनशे दिले, तवा तुमी दारसुदा उघडत नव्हता. आता तुमी साडेतीनशे देताय. पंचायतीनं अजून कशापायी पोसायचं?"

तिच्याइतकं नेमकं मला पाच वर्षांत बोलता आलं नव्हतं. हात वर करून मतं घेतली. ठरावाच्या बाजूनं एकसष्ट, विरोधात अठ्ठेचाळीस, बाकीचे इकडं तिकडं बघत बसले. भाऊसाहेबांनी पेन उचललं, तेव्हा त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगितलं, "वाढीव पंचवीस रुपये ३१ मे २०२४ पर्यंत. तारीख घाला." ते माझ्याकडं बघून हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

गोरक्षनं कुरकुर करत का होईना, वर्षाची पट्टी आगाऊ भरली. त्याचं बघून आणखी वीस-पंचवीस घरांनी भरली. तेवढी रक्कम घेऊन भाऊसाहेब वीज कंपनीत गेले आणि राहिलेल्याचे हप्ते बांधून घेऊन आले. मोटार चालू राहिली. दिवाळीपर्यंत बिल फिटलं. कर्जाचे चुकलेले हप्तेही भरून झाले.

माझे रामराम मात्र कमी झाले. कुणी म्हणे सरपंचबाईनं पाणी विकायला काढलं, कुणी म्हणे पैसा नवऱ्याच्या झेंडूत गेला. डिसेंबरमध्ये पुंजाराम अण्णा एकाच आश्वासनावर उभे राहिले, पाणीपट्टी माफ. मी तेवीस मतांनी पडले. निकालाच्या दिवशी गोरक्ष 'मी म्हटलं नव्हतं का' असं एकदाही म्हणाला नाही. ते त्यानं म्हटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. मी मोरीत जाऊन रडले.

अण्णांनी पदावर बसल्यावर पहिल्याच सभेत कर्जाचे कागद बघितले आणि पट्टी आहे तशीच ठेवली. कुणी विचारलं तर सांगत, "मी काय करू? आधीच्या बाईनं तारखेसकट ठराव करून ठेवलाय. माझे हात बांधलेत." गावाला ते पटलं. माझ्या तारखेचा मान अण्णांनी राखला, एवढं मात्र खरं.

जानेवारीत चतुराबाई आमच्या शेवंतीत तोडणीला आली. मीही तिच्या शेजारच्या सरीत होते. अर्धी सरी तोडून झाली. मग ती वर न बघता म्हणाली, "ताई, एक सांगते. मत तुला नाय दिलं."

"चतुराबाई, सभेत तर तूच उभी राहिलीस."

"ते खरं होतं म्हनून बोलले. मताचं निराळं. सुनेला दर म्हैन्याला सव्वाशे काढताना जड जातंय. ती म्हनली, अण्णा माफ करनार हायेत. घरची पाच मतं तिकडं गेली. आमच्या गल्लीतली बरीच गेली."

मी मनातल्या मनात गल्लीतली घरं मोजली. तेवीसला पुरून उरत होती. मला तिचा राग आला, खूप आला. गाळ काढायला हिला काम दिलं, हिच्या घरी किराणा पोचवला, हे सगळं ओठांवर आलं. पण ते बोलले असते, तर तो खर्च मी मतांसाठी केला असं झालं असतं.

"केली का मग माफ अण्णांनी?" मी विचारलं.

"नाय केली. करनार नाय हे ठावं होतंच."

"मग तरी?"

तिनं भरलेली पाटी बांधावर नेऊन ठेवली, कमरेवर हात ठेवून सरळ झाली. आता मात्र ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखरच माया होती.

"मनाला लावून घेऊ नको. परत तसला वखत आला ना, तर आमी सगळ्या तुलाच बसवू बघ. अण्णाला तवा कोन इचारतंय?"

"तसला वखत परत न येवो, चतुराबाई," मी म्हटलं.

म्हणजे मी परत सरपंच न होवो, असंच झालं ते. बोलून गेल्यावर माझ्या ते ध्यानात आलं, आणि तरीही मी ते मागं घेतलं नाही.