बारावा तुकडा

जिथे मला खणायचं होतं, नेमका तिथेच बसून ऑर्व्हल अंड्याचं सँडविच खात होता.

साउथ डकोटातल्या आमच्या हौशी जीवाश्मवाल्यांच्या मंडळाचा हा अध्यक्ष. गावच्या संग्रहालयातल्या आमच्या कपाटात फक्त अख्खा नमुना ठेवायचा आणि खाली शोधणाऱ्याचं नाव लावायचं, हा नियम त्याचाच. सहा वर्षांत माझं नाव तिथे लागलं नव्हतं. सोमवारपासून या कुरणाचा मालक बदलणार होता आणि नवा मालक कुणालाही आत सोडणार नव्हता. म्हणजे आज नाही, तर कधीच नाही.

बॅक्युलाइट म्हणजे जुन्या समुद्रातला काठीसारखा सरळ शंख. शेल नावाच्या ठिसूळ, पापुद्र्यांच्या खडकाचा काळा उतार ढासळला की त्याचे तुकडे होऊन घरंगळतात. बाकीचे लोक खाली ओढ्यात वाकतात, बरासा तुकडा खिशात घालतात आणि खूश होतात. मी मात्र तुकडा सापडला की तिथे तारेचा छोटा झेंडा रोवायचे. तीन वर्षांत अकरा तुकडे, अकरा झेंडे. प्रत्येक तुकड्याच्या कडेला पानासारखी नक्षी असते, ती फक्त सख्ख्या शेजाऱ्यालाच जुळते. माझे अकराही जुळले होते. निमुळतं टोक तेवढं राहिलं होतं.

"आर्लिस, हे झेंडे कसले गं? गोल्फ खेळतेस की काय?" ऑर्व्हलने विचारलं.

"ऊठ."

"अगं, जेवू तर दे माणसाला!"

"झेंड्यांची रांग कुठे जातेय बघ. थेट तुझ्या बुडाखाली. ऊठ म्हणते ना!"

तो कण्हत-कुंथत उठला. मी टोच्याने एकेक पापुद्रा सोडवला. तिसऱ्याखाली करंगळीएवढं टोक होतं, शिंपल्यासारखं चमकणारं. डब्यातला अकरावा तुकडा काढून मी त्याला लावला. नक्षीत नक्षी बसली, केसभरही फट नाही. मी अशी ओरडले की खालच्या गाई बिचकून पळाल्या. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

ऑर्व्हल गुडघ्यांवर बसून बराच वेळ त्या जोडावरून अंगठा फिरवत राहिला.

"चाळीस वर्षं शोधतोय मी," तो म्हणाला, "टोकासकट एकही नाही मिळाला."

मग त्याने खिशातून मंडळाची वही काढली. "तुझं आडनाव कसं लिहायचं गं?"

सहा वर्षांत या माणसावर ते लिहायची वेळच आली नव्हती! टॉलेफसनचं एकेक अक्षर मी सावकाश सांगितलं. त्याने एकच एल लिहिला. मी खोडून दोन लिहायला लावले.