उन्हाविना धुरकं

धाकटी रुग्णालयात नर्स होती. धुरक्याचे दोन प्रकार तिला ताईनेच शिकवले होते. कोळशाच्या धुरातलं गंधक थंडीच्या धुक्यात मिसळलं, की घसा जाळणारं करडं धुरकं होतं. गाड्यांच्या धुरावर ऊन तापलं, की तपकिरी. आता ताई कोळशाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होती. शहरावर दाटलेल्या धुरक्याबद्दलच्या सभेत ती लोकांना ठासून म्हणाली, "हे धुरकं गाड्यांचंच आहे."

धाकटीच्या वॉर्डात खोकणाऱ्यांना खाटा पुरत नव्हत्या. ती उठली. "ताई, त्याला ऊन लागतं ना? आठवडाभर सूर्य तरी दिसलाय का?"

ताईने नजर चुकवली. "घरी बोलू गं."

"ज्या तोंडाने शिकवलंस, त्याच तोंडाने खोटं बोलतेस?"

सभेत गलका उठला. धाकटी मात्र वॉर्डाकडे निघाली.