स्पॅनिशच्या वर्गात मैनाची जागा

बातमी क्लासमधून आली. मी फुलबाजारात शेवंतीचे क्रेट उतरवत होतो. फोनवर अंजली मॅडम होत्या, माझ्या बायकोला, मैनाला, स्पॅनिश शिकवणाऱ्या. "काका, काकू बसल्या जागी कलंडल्या. दवाखान्यात आणलंय. तुम्ही लगेच या." मी पोहोचलो तेव्हा मॅडम पायऱ्यांवर उभ्या होत्या. हातात मैनाच्या चपला होत्या. मी त्या माझ्या हातात घेतल्या.

मखमलाबादला आमचा फुलांचा मळा आहे. एकुलती मुलगी वैष्णवी दिंडोरीकडच्या एका वायनरीत कामाला होती. तिथे आलेल्या एका स्पॅनिश मुलाशी तिने लग्न केलं आणि त्याच्या गावी गेली. नात दिशा तिकडेच जन्मली. ती आता पाच वर्षांची आहे. तिला मराठी येतं ते आजी, आजोबा आणि 'भूक लागली' एवढंच. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर वैष्णवी मधे बसून इकडचं तिकडे सांगायची. एकदा मैना चिडली. "नातीशी बोलायला मला मधे दलाल नको," म्हणाली आणि कॉलेज रोडला जाऊन क्लास लावून आली.

मयतीला आलेल्या लोकांना कारण हवं होतं. ते त्यांना मिळालं. "या वयात डोक्याला ताण दिला," माझे थोरले भाऊ मोतीरामदादा म्हणाले. "त्या भाषेनं खाल्ली तिला." डॉक्टरांनी हृदय सांगितलं होतं. ते कुणी ऐकलं नाही.

वैष्णवीला येता आलं नाही. तिचे दिवस भरत आले होते. फोनवर म्हणाली, "नाना, दिशाला अजून सांगितलेलं नाही. तिने विचारलं तर आजी झोपलीय म्हणा." मी हो म्हटलं नाही.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला. कावळे भिंतीवर बसले होते, पण एकही खाली येईना. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाची इच्छा राहिली, असं आपल्याकडे धरतात. मग ज्याने त्याने हात जोडून मैनाला वचनं द्यायला सुरुवात केली.

"मैना, वैष्णवीला कायमची घरी आणू," दादा म्हणाले.

कावळे तसेच.

चांदवडची माझी बहीण नवसाबाई पुढे झाली. "वहिनी, रंगनाथची काळजी सोड. आम्ही त्याचं दुसरं करून देऊ. हाय एक बाई माझ्या नणंदेच्या गावात, लय गरीब स्वभावाची."

"आक्का, माझं मुंडण अजून ओलं आहे."

"मग? टकल्याला बायको मिळत नाय काय?"

मागे कुणीतरी हसलं. मैनाही हसली असती.

"रंगनाथ, तू बोल," दादा म्हणाले. "तुझ्यासाठी अडलाय कावळा. म्हण, ते परक्या भाषेचं खूळ घरातून काढलं. पुस्तकं, क्लास, सगळं."

"नाही म्हणणार."

"अरे, नुसतं म्हणायला काय जातं? मोकळी होऊ दे तिला."

"घरात तिच्याशी खोटं बोललो नाही. आता पिंडासमोर बोलू?" मी पिंडाकडे बघून सांगितलं, "मैना, क्लासमध्ये तुझ्या जागेवर मी बसणार. दिशाला मी सांगणार, माझ्या तोंडाने, तिच्या भाषेत."

कावळा त्यालाही आला नाही. ऊन चढलं. मागे दुसऱ्या घरची माणसं खोळंबली होती. "गुरुजी, दर्भाचा कावळा करा," मी म्हणालो. त्यांनी दर्भाला गाठ मारली आणि ती पिंडाला लावली.

"लटकत ठेवलीस तिला," दादा म्हणाले.

"कावळ्यांना भूक नव्हती, दादा."

"आणि म्हातारपणी पोपट व्हायचंय तुला?"

"व्हायचंय."

तेरावं उरकल्यावर क्लासला गेलो. वर्गात सगळी विशीतली मुलं. मैनाची खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली होती. मी टोपी काढून त्या खुर्चीवर बसलो.

मॅडम शिकवत होत्या. आपण 'आहे' म्हणतो, त्याला तिकडे दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. एखादा कोण आहे, कुठला आहे, ते सेर. कसा आहे, कुठे आहे, कुठल्या अवस्थेत आहे, ते एस्तार. मी माझ्यापुरतं लावून बघितलं. हे शेवंतीचं फूल आहे, इथे सेर. ते कोमेजलेलं आहे, इथे एस्तार. एवढं जमलं. 'होणे' मात्र कठीण निघालं. घाबराघुबरा होणं वेगळं, खपून डॉक्टर होणं वेगळं. काही गमावून माणूस जे होतो, त्याला आणखी वेगळं.

"विधुर होण्याला केदार्से," मॅडम म्हणाल्या. "त्याचा अर्थ मागे राहणं असाही आहे."

"आणि मेलेली आहे, याला?" मी विचारलं.

मुलं वह्यांत बघू लागली.

"एस्तार, काका."

"आणि दिशाची आजी आहे, याला?"

"सेर."

"मेल्यावरही?"

"मेल्यावर काय आजी बदलते?"

तेवढी दोन वाक्यं मी पाठ केली. मळ्यात फुलं तोडताना मोठ्याने म्हणायचो. तोडणीच्या बाया पदराआड हसायच्या. मी आवाज कमी केला नाही.

वैष्णवी सुखरूप बाळंत झाली. मुलगा झाला. ती दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मी तिला म्हणालो, "दिशाला फोन दे."

"नाना, नको. मी सांगेन वेळ बघून."

"लेकरू रोज आजीच्या उठण्याची वाट बघतंय. तू तिला जवळ घेऊन बस. बोलणार मी."

तिने बाळाला पाळण्यात ठेवलं. मग तिने दिशाला मांडीवर घेतलं.

"आजी?" दिशाने नेहमीसारखं विचारलं.

"दिशा," मी म्हणालो, "आजी एस्ता मुएर्ता." म्हणजे मेलेली आहे. उच्चार वाकडा होता. तरी तिला कळलं. तिने मान वळवून आईकडे बघितलं. वैष्णवीने मान हलवली. मग मी दुसरं वाक्य म्हटलं, ती तुझी आजी आहे, हे.

दिशा विचार करत बसली. मग स्क्रीनच्या अगदी जवळ येऊन तिने काहीतरी विचारलं. मला कळलं नाही.

"मेलेली आहे, पण कधीपर्यंत, असं विचारतेय," वैष्णवी रडत म्हणाली. "नाना, राहू द्या, मी सांगते."

"नाही. तिने मला विचारलंय."

माझ्याजवळ शब्द नव्हता. मी हाताने खूण केली, थांब. दिशानेही तशीच खूण केली.

मॅडमना विचारलं तर त्या शब्द देतील. पण पाच वर्षांच्या पोरीला 'कायमची' कसं समजवायचं, ते मला मराठीतही येत नाही. तिला उत्तर द्यायचं राहिलं आहे.