पिवळ्या लोकरीची चावी

चावीला पिवळ्या लोकरीचा गोंडा होता. काल नव्हता. काल दाराजवळच्या खिळ्यावर हीच चावी नुसती लोंबत होती, डोकं झिजलेली, काळपट. आणि आज तिला हा पेरभर, नीट कातरलेला, पिवळाधमक गोंडा... नूतनने झाडू भिंतीला टेकवला आणि गोंडा चिमटीत धरून पाहिला. गाठ पक्की होती. अंकुशला अशी गाठ येत नाही, त्याच्या बुटाची नाडीसुद्धा दिवसातून दोनदा सुटते.

काय बांधलं हे, तिने विचारलं.

"दिव्यानीनं बांधली. वळखू याले पायजे म्हणून," अंकुश म्हणाला आणि कप घेऊन ओसरीत गेला. मोटारपंप दुरुस्तीचं त्याचं दुकान चार घरं सोडून आहे. सकाळी तो पायीच जातो, गाडी काढतो ती संध्याकाळी. दिव्यानी! किती सहज म्हणाला. आजवर ती नुसती बारमधली 'काउंटरवरची' होती. नाव असणारच तिला, नूतनला ते ठाऊकही होतं, पण ते या घरात, या ओसरीत, चहाच्या घोटाबरोबर...

नदीच्या या बाजूला दारूबंदी. म्हणून तिन्हीसांज झाली की अर्धं गाव वैनगंगेचा पूल ओलांडून ब्रह्मपुरीच्या अंगाला जातं, तिकडची बंदी उठल्यापासून तर राजरोस, आणि प्यायल्यावर तोच पूल ओलांडून परत येतं — सगळेच येतात असं नाही. गेल्या वर्षी दोघं एकाच महिन्यात कठड्याला धडकून गेले, तेव्हा दोन्ही काठांच्या बायकांनी समिती केली. बार बंद करा म्हणून आपण पूर्वी खूप ओरडलो, आता निदान नीट पाजा म्हणून सांगू, असं समितीच्या सीताबाई म्हणाल्या. मालकाला गाठलं, वेटरांना बसवून समजावलं: आधी जेवण विचारा, झिंगलेल्याला आणखी देऊ नका. आणि कोपऱ्यात बसलेली नूतन तेव्हा अचानक बोलून गेली होती, चावी काढून घ्या. आल्या आल्या चावी काउंटरवर ठेवून घ्या, माणूस धड दिसला तरच परत द्या, नाहीतर ऑटोत घालून घरी पाठवा. सगळ्यांनी मान डोलावली. म्हणजे हे माझंच. माझ्याच तोंडून निघालेलं.

कारण चावीचं तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिने ती तांदळाच्या ड्रममध्ये लपवली होती, उशीच्या खोळीत, एकदा तर चुलीतल्या राखेत. आणि अंकुशने दर वेळी घर उलथंपालथं करून काढली होती. एकदा तिने मूठ उघडलीच नाही. तेव्हापासून उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे. दुसऱ्या दिवशी तो रडला, पाया पडला, सगळं केलं... चावी मात्र दिली नाही. आणि तिकडे? तिकडे तो आपल्या हाताने खिशातून काढतो, दिव्यानीला 'धर' म्हणतो. शेजारच्या लहानूने हसत हसत सांगितलं होतं, वयनी, आमचा भाऊ तिथी गाय होऊन जाते. दोन झाले की ती नुसती पाहते आणि हा पुढचा मागत नाही. पंधरा वर्षं मी घसा फोडला आणि ती नुसती पाहते!

जळत होतं तिला. ते तिने स्वतःपाशी कधीच लपवलं नव्हतं. नवरा शुद्धीत घरी येतो, जेवतो, पोरांशी बोलतो, आणि बायको समोर बसून जळते — कोणाला सांगणार? लफडं असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं, चार बायका बाजूने उभ्या राहिल्या असत्या. रोज तो गाडीला किक मारायचा आणि तिच्या मनात तेच यायचं, आज ती असेल ना काउंटरवर? असणारच. सजून बसली असेल.

तिने दातांनी गाठ सोडवली, लोकर ब्लाउजमध्ये खोचली आणि नुसती चावी खिळ्याला लावली.

दुपारी समितीची बैठक त्याच बारच्या फॅमिली सेक्शनमध्ये होती. जीपमध्ये दाटीवाटीने बसून पूल ओलांडताना तिने नदीकडे पाहिलंच नाही. आत शिरल्याबरोबर काउंटरमागची फळी दिसली. खिळ्यांच्या रांगा, प्रत्येक खिळ्याला वेगळ्या रंगाची लोकर गुंडाळलेली, लाल, निळी, हिरवी, जांभळी. पिवळी पण होती, एका टोकाला, इतरांसारखीच. म्हणजे सगळ्यांनाच बांधलीय. तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट आणखीच झोंबलं... त्याला एवढंही पुरतं? सगळ्यांना मिळतं तेवढंच?

दिव्यानी सजली नव्हती. तेल लावून घट्ट वेणी, डोळ्यांखाली काळं, पायात रबरी चप्पल. तिने सगळ्यांना पाणी दिलं, नूतनला म्हणाली, ताई, पंख्याखाली बसा. सीताबाईंनी खूप कौतुक केलं, सहा महिन्यांत पुलावर एकही मेला नाही म्हणाल्या. मग विचारलं, कोणाची काही तक्रार?

मालक एका बाईला काउंटरवर बसवायला मुळात तयार नव्हता हे नूतनला माहीत होतं. एक वाक्य पुरेसं होतं. ते जिभेवर कधीपासून होतं, आणि ते आपलं आपण बाहेर आलं, अगदी शांतपणे, काळजीच्या आवाजात.

"बाईमाणसानं पिणाऱ्याइच्या मंधात बसावं काय, थे पाहून घ्या. लोकं बोलून राह्यले."

दिव्यानी ग्लास गोळा करत होती, ती करतच राहिली. मालकाने लगेच मान हलवली, मी तर आधीच म्हणत होतो, आजच पाहतो काय ते. नूतनच्या छातीत थंडगार बरं वाटलं. सुख वाटलं, खोटं कशाला बोला.

बाहेर जीपची वाट पाहत उभी असताना दिव्यानी मागून आली. ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली असती तर सोपं गेलं असतं.

"ताई, माह्या कामाचं होईन ते होईन," ती म्हणाली. "पण मी नसली का अंकुशभाऊ कोणालेच चावी देत नाई. मांगच्या सोमवारी मी सुट्टीवर होती. पोऱ्यानं मांगतली, देली नाई. तसेच गाडीवर गेले. मी तवापासून सुट्टीच घेतली नाई."

सोमवार. सोमवारी तो कोपर सोलून आला होता. पुलाजवळ डुक्कर आडवं आलं म्हणाला, आणि तिने हळद भरली, डुकराला शिव्या घातल्या...

जीपमध्ये कोणीतरी तिला काही विचारत होतं. तिने हो म्हटलं.

तिन्हीसांजेला अंकुश कपडे बदलून आला. खिळ्यावरची चावी काढली आणि थबकला.

"लोकर कुठी गेली?"

सुटली असेल, ती म्हणाली. सांगतो तिला, दुसरी बांधून देईल, असं म्हणत तो वळला, आणि ते 'सांगतो तिला' तिच्या अंगात सरळ शिरलं, सकाळसारखंच. काही कमी झालं नव्हतं. तरी तिने ब्लाउजमधून लोकर काढली. घामाने ओली झाली होती.

"द्या इकडं. मी बांधते," ती म्हणाली.

आणि त्याने चावी दिली. तिच्या तळहातावर ठेवली, नुसती, सहज, 'धर' म्हणत. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. तिने लोकर कडीतून ओवली, वाकडी करंगळी मधे येत होती, गाठ दोनदा निसटली. तो उभा होता. बांधून झालं तरी चावी तिच्या मुठीत होती आणि तो हात पुढे करून वाट पाहत होता, न चिडता, काउंटरपुढे उभा राहत असेल तसा. मूठ उघडलीच नाही तर? आज मिटलेलीच ठेवली तर... तिला त्याच्या कोपरावरची खपली दिसली, तरी ती दुसरी करंगळी मोडण्याची वाट पाहत उभी राहू शकली नाही. तिने मूठ उघडली.

गाडीचा आवाज वळणावरून पुलाकडे गेला. मालक 'आजच पाहतो' म्हणाला होता. मोबाइल चुलीजवळच्या पाटावर होता, सीताबाईंचा नंबर त्यात होता. फोन लावायचा तर काय सांगायचं — की मी खोटं बोलले? की तिला तिथेच बसवा, माझ्या नवऱ्याची चावी तीच घेऊ दे? ओठ घट्ट मिटून ती पाटाशी बसली. जळत तर होतंच. पण रोजचंच ते वाक्य मनात आलं तेव्हा तिला त्या वाक्याचा आवाज ओळखू आला नाही, इतकं ते घाबरलेलं होतं, इतकं आर्जवी.

आज ती असेल ना काउंटरवर?