झाकणावरचे निखारे

चैत्राचं ऊन त्या दिवशी वैर धरून आलं होतं.

कऱ्हेचं पात्र पांढरंफटक, निर्जल, निःशब्द. काठावरच्या बाभळी काटेरी, कृश, करपलेल्या. पुरंदरच्या माथ्यावर ढगाचा कण नाही, आणि त्या निर्दय, नीलशून्य आकाशातून प्रकाश असा कोसळत होता की माणसानं वर बघू नये, पाखरानं त्यातून उडू नये. मानवत होता तो फक्त अंजिरांना. त्या उग्र, अखंड उन्हात अंजिरं जांभळत होती, मऊ पडत होती, आपल्याच गोडीच्या भारानं देठातून वाकत होती. अशा दुपारी दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारायची रीत आहे. शालननं विचारलं नाही.

उंबऱ्याबाहेर वैजयंता उभी होती.

सोळा वर्षांपूर्वी शालनचा नवरा रंगनाथ हे घर, ही बाग आणि ही बायको सोडून हडपसरला निघून गेला, तो या वैजयंतेसाठी. सोळा वर्षं शालननं तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. पण त्या एका लावण्यवतीला, एका मृगनयनेला, एका मदालसेला घातल्या होत्या. समोर उभी होती ती घामेजलेली, कानशिलं पिकलेली, चपलेचा अंगठा तुटलेली बाई. शालनला त्याचाही राग आला. एवढ्यासाठी गेला?

"काय काम काढलंस?"

"त्यांनी धाडलंय, आक्का."

"आक्का कुणाची? शालन नाव आहे माझं."

वैजयंतानं पदरानं मान पुसली. ती अंगणातल्या अंजिराच्या झाडाकडं बघत बोलली. "भाजलेली अंजिरं खायचीत त्यांना. तुमच्या हातची असतात तशी. म्हणाले, जा, तिच्याकडून शिकून ये. त्याशिवाय अंजीर घरात आणू नको."

शालनच्या छातीत काहीतरी लखकन पेटलं. त्याला आनंद म्हणायचं तर म्हणा. पण त्या आनंदाला दात होते. नवरा गेला, कुंकवाचा मान गेला, लग्नाकार्यात पुढं बसण्याचा हक्क गेला. गावानं हळहळून हळहळून तिला पार जुनी करून टाकली. उरली होती ती एवढी एकच गोष्ट: गूळ-तुपात भाजलेल्या अंजिरांची तिच्या हातची चव. ही चव त्याला त्या घरात कधी मिळायची नाही, या एका समजुतीवर ती सोळा वर्षं ताठ मानेनं जगली होती. आणि आज तीच चव मागायला ही दारात आली होती. दिली, तर शालनकडं शालन म्हणून काही शिल्लक राहत नव्हतं.

नाही म्हणून दार लावून घेणं सोपं होतं. पण मग ती हरून परत जाणार आणि आपण जिंकल्याचं बघायला इथं कुणीच नसणार. शालननं त्याहून वाईट गोष्ट ठरवली. शिकवायचं, सगळं शिकवायचं, आणि एक गोष्ट लपवायची.

"ये. बघ. विचारायचं काही नाही."

शालन अंगणात उतरून झाडाशी गेली. रंगाला न भुलता, आकाराला न भुलता, जे फळ देठातून मान टाकून बसलंय तेवढंच तिनं हातात घेतलं. पिळलं नाही, ओढलं नाही. नुसतं उचललं, आणि फळ आपसूक आलं. देठाशी चिकाचा थेंब नाही. नऊ अंजिरं, नऊ श्यामल, शिथिल, मधुगर्भ अंजिरं तिनं ओल्या फडक्यानं टिपून घेतली. मागं उभी असलेली वैजयंता तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती, पाठ करत असल्यासारखी. शालनला ते ऐकू येत होतं आणि बरं वाटत होतं.

स्वयंपाकघरात शेगडीत बाभळीचा कोळसा लाल झाला होता. लाल, मग केशरी, मग राखेच्या पातळ पडद्याआड धुमसणारा. शालननं प्रत्येक अंजिराच्या माथ्यावर सुरीनं फुली मारली, बोटांनी हलकं दाबलं, तशी एकेक पाकळी उलगडली आणि आतलं ते गुलाबी, दाणेदार, ओलसर काळीज उजेडात आलं. त्यात गुळाचा खडा. त्यावर लोणकढं तूप. वेलदोड्याची पूड चिमूटभर, मिठाचे चार कण. पसरट पितळी पातेल्यात अंजिराचीच दोन पानं अंथरली, त्यांवर ती नऊ फळं मांडली, वर झाकण घालून पातेलं शेगडीवर चढवलं.

"पाणी आण. मागच्या दारी रांजण आहे."

वैजयंता उठली. तिची पाठ वळली तशी शालननं चिमट्यानं चार रसरशीत निखारे उचलले आणि झाकणावर ठेवले. हीच ती लपवायची गोष्ट. खाली विस्तव, वर विस्तव. मधल्या त्या दुहेरी दाहात अंजीर तळाशी लागत नाही, वरून कोरडं राहत नाही, आपल्याच रसात आपण शिजतं आणि कडांना काळंभोर, चकचकीत, कडवट-गोड होतं. सासूनं हे तिला लग्नानंतर सहाव्या वर्षी सांगितलं होतं, तेही नाइलाजानं. रांजणाचं झाकण वाजलं तसे शालननं निखारे झटकन शेगडीत लोटले.

घरभर वास चढत गेला. गुळाचा गडद, तुपाचा तेजाळ, तापलेल्या पानांचा नारळासारखा. बाहेर ऊन खवळलेलं, आत दोन बायका गप्प, आणि त्या दोघींच्या मधून तो वास निर्लज्जपणे हिंडत होता. वैजयंतानं तांब्या खाली ठेवला. तिनं पातेल्याकडं पाहिलं, झाकणावर पडलेल्या राखेकडं पाहिलं. मग ती हसली. त्या हसण्यात गोडवा औषधालाही नव्हता.

"वर निखारे ठेवलेत ना? मी पाठ फिरवली तेव्हा?"

शालननं चिमटा शेगडीच्या कडेला ठेवला. तिचे कान तापले.

"लपवू नका. तेही करून झालंय माझं," वैजयंता म्हणाली. "वरून निखारे, खालून निखारे. गॅसवर, तव्यावर. गूळ घालून, साखर घालून. सोळा वर्षं करतेय. दर खेपेला एक घास खातात आणि ताटली अशी करतात." तिनं जमिनीवर उजव्या हाताचा अंगठा टेकवला आणि काहीतरी नको असलेलं दूर ढकलावं तसा तो पुढं सारला. "म्हणतात, शालनच्या हाताची सर नाही."

तो अंगठा शालननं पाहिला.

तो अंगठा तिच्या ओळखीचा होता. याच घरात, याच शेगडीशेजारी, तेरा वर्षं तिनं तो पाहिला होता. एक घास, मग अंगठा, मग ते वाक्य: आईच्या हाताची सर नाही. रडून तिनं सासूला विचारलं होतं, तेव्हा सासू निखारे फुंकत म्हणाली होती की माझ्या हातचं तरी कुठं खायचा, त्याला त्याच्या आत्याच्या हातचं आठवायचं. हे सगळं शालनला माहीत होतं. माहीत असून तिनं ते गाडून टाकलं होतं आणि त्यावर आपल्या अभिमानाचं घर बांधलं होतं. या चवीवर त्याचा जीव होता, असं ती गावाला सांगत आली, स्वतःला सांगत आली. धडधडीत खोटं. त्यानं तिच्या हातची ताटली एकदाही संपवली नव्हती.

राग आला, पण तो आता नेमका कुणाचा हे तिला कळेना. वैजयंतेचा होताच, तो कुठं जातोय. पण त्याच्याखाली जुना, मुरलेला, काळा राग होता, आणि त्याला रंगनाथचा चेहरा होता. आणखी खाली बघितलं तर तिथं तिचा स्वतःचा चेहरा होता.

तिनं झाकण काढलं. अंजिरं जांभळी, जळजळीत, जर्जर. कडा काजळलेल्या, गर्भात गुळाचा रस खदखदणारा. तिनं ती मोठ्या ताटात काढली, प्रत्येकावर गार चक्क्याचा एकेक शुभ्र गोळा ठेवला. पांढऱ्यातून तांबडा ओघळ उतरू लागला. रूप असं की देवापुढं ठेवावं.

वैजयंतानं पिशवीतून डबा काढला. "त्यांच्यासाठी भरू का?"

"डबा ठेव आत," शालन म्हणाली. "तेही ढकलेल तो. तुझं म्हणून नेलंस तर माझं आठवेल, माझं म्हणून नेलंस तर आईचं." तिनं ताट दोघींच्या मध्ये ठेवलं. "खा."

"मी खायला नाही आले."

"मग कशाला आलीस? शिकायला? तुला येतंय सगळं. खा म्हणते ना."

वैजयंता मांडी घालून बसली. पहिला घास तिनं संशयानं घेतला, दुसरा सावकाश. तिसऱ्याला तिचे डोळे भरले. ते तिनं लपवले नाहीत, पुसलेही नाहीत.

"तुला माफ केलेलं नाही मी," शालन म्हणाली.

"मागितलीय कुठं मी?"

ताटाच्या एका कडेनं शालन खात होती, दुसऱ्या कडेनं वैजयंता. दोघींची बोटं चिकट, दोघींच्या नजरा खाली. बाहेर ते वैरी ऊन कौलांवर आपटत होतं, पाखरू बोलत नव्हतं, पान हलत नव्हतं. गरम आणि गार, कडू आणि गोड, एकेक अंजीर संपत गेलं. शेवटचं नववं उरलं. शालननं ते बोटांनी मधोमध फाडायला घेतलं, पण मधोमध फाटलं नाही. मोठं अर्धं तिनं स्वतःच्या तोंडात घातलं. लहान अर्धं वैजयंतेपुढं धरलं.

वैजयंतानं ते घेतलं, खाल्लं, आणि ताटाच्या तळाला लागलेला गूळ बोटानं निपटून काढला. सावकाश, स्वच्छ, शेवटच्या थेंबापर्यंत, कुणासाठीही काही न ठेवता.