डब्याचं झाकण

नायगावच्या बालवाडीत संघमित्राबाईंचा एकच मंत्र होता: खेळ मुलांनी ठरवायचा, मोठ्यांनी नुसतं बघायचं. पालकसभेत त्या हे पाण्याचा घोटही न घेता तासभर सांगत. हल्ली बघायच्या कामी टॅब आला होता. ॲपमध्ये रोज प्रत्येक मुलाचा फोटो आणि नोंद जायलाच हवी.

आज चार वर्षांच्या ओवीनं खेळ ठरवला, "मी बाई!" संघमित्राबाई हरखल्या.

ओवीनं डब्याचं झाकण डोळ्यांसमोर धरलं आणि मनोरा रचणाऱ्या पोरांवर खेकसली, "थांबा रे! पाडा तो. परत बांधा, फोटो हलला."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. पण ओवीची आजची नोंद राहिली होती.

"ओवी," टॅब उचलत त्या म्हणाल्या, "झाकण जरा खाली धर गं, चेहरा दिसत नाहीये."