लाल अक्षरं वाचायची नाहीत!

मुलांनो, जरा कल्पना करा बरं. सकाळचे दहा वाजलेत आणि वाचनालयात मुंगीला शिरायला जागा नाही! पुस्तकांसाठी नव्हे हं. सगळे टाचा उंचावून एका कॉम्प्युटरकडे बघताहेत. समोर यंत्रगुरू डोळे मिटून तांब्याची कांडी फिरवताहेत.

"लिनक्सा, शांत हो! सर्व्हिसबाई, जाग्या व्हा!" लिनक्स म्हणजे हा कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली हं.

मग त्यांनी हळूच एक कळ दाबली. पडद्यावरची लाल अक्षरं गेली, पुस्तकांची यादी झळकली. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

महिनाभर हेच चाललं होतं. नऊला वाचनालयात काम करणारी मावशी कॉम्प्युटर चालू करायची, पण यादी दाखवणारी सर्व्हिस, म्हणजे आतला छोटा प्रोग्रॅम, काही सुरू व्हायचा नाही. दहाला गुरू आले की लगेच सुरू!

"दोष या बाईंच्या हातात आहे," गुरू म्हणाले. "आणि ती लाल अक्षरं कुणी वाचू नका. वाचेल त्याला बाधेल!"

मावशी बिचारी भीतीने रोज मान फिरवायची. आज वाचनालयाच्या अध्यक्षांनी खिशातून कागद काढला. "बाई, उद्यापासून तुम्ही कामावर येऊ नका."

मावशीचे डोळे भरून आले. शेजारी तिची भाची उभी होती. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत.

"मी वाचली ती अक्षरं!" खारूताई म्हणाली.

सगळे दोन पावलं मागे सरकले.

"अगं, काय वाचलंस?" अध्यक्षांनी घाबरून विचारलं.

"नऊ वाजून दोन मिनिटं, पाच सेकंद: डिस्क सापडली नाही, सर्व्हिस बंद. त्याखाली साधी अक्षरं: पस्तीस सेकंदांनी डिस्क जोडली. मला काही बाधलं नाही, आजोबा. भूक तेवढी लागलीय!"

हशा पिकला. खारूताईला आणखी चेव चढला.

"मागच्या महिन्यात नवी डिस्क आली ना? यादी तिच्यावर आहे. सर्व्हिस उठल्याउठल्या धावते, तेव्हा डिस्क डोळेच चोळत असते! यादी सापडली नाही की सर्व्हिस हातपाय गाळून बसते. दहापर्यंत डिस्क जागी होते. मग कुणीही कळ दाबली तरी सर्व्हिस चालणारच!"

"या पोरीच्या जिभेला काही हाड?" गुरू गरजले.

"मग गुरुजी, सगळं बंद करून मेन स्विचपासून तुम्हीच चालू करा. तुमच्या हातात तर दोष नाही!"

गर्दीने उचलूनच धरलं. "करा, करा!"

गुरूंनी स्विच दाबला, कांडी गरगर फिरवली. पडद्यावर लालच लाल!

"नजर... गर्दीची नजर लागली," गुरू पुटपुटले.

तोवर मावशीने डोळे पुसून सर्व्हिसच्या सूचनांची फाइल उघडली होती. खारूताईने सांगितलं, मावशीने एकच ओळ लिहिली: डिस्क जोडली जाईपर्यंत थांब. मग मावशीने सगळं बंद केलं, पुन्हा चालू केलं. अर्ध्या मिनिटाने यादी हजर! कांडी नाही, मंत्र नाही.

अध्यक्षांनी कागदाचे तुकडे केले. "चुकलो, बाई."

मुलांनो, यंत्राला भूतबाधा होत नाही. आपलं दुखणं ते स्वतःच लिहून ठेवतं. कुणी म्हणालं, वाचू नका, तर आधी विचारा, का नको? आणि मग वाचाच.

खारूताईने पुढे काय केलं? तिने पुन्हा सगळं बंद केलं आणि पळायच्या बेतात असलेल्या गुरूंचा हात धरून त्यांना स्विचपाशी आणलं.

"दाबा ना, गुरुजी! आता बघा, तुमच्याही हातात दोष नाही."